कपाळावरचा हात

"बोलू नको. हात लाव."

डोकं दुखतंय म्हणून डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला पहिलं वाक्य हेच ऐकायला मिळायचं. माणूस तक्रार सांगायला तोंड उघडायचा, की बाई पंजा वर करून त्याला थांबवायच्या आणि दुखतं तिथं स्वतःचा हात लावायला सांगायच्या. आपल्याकडे कपाळाला हात लावला की माणूस हरला असं समजतात. बाईंचं काम तिथून सुरू व्हायचं.

तुम्हीही कधी बघा. कुणी दोन्ही हातांनी डोक्याभोवती पट्टा बांधल्यासारखं दाखवतो. कुणी एका डोळ्यावर तळवा दाबून धरतो. कुणी नाकाच्या दोन्ही बाजूंची हाडं चिमटीत पकडतो. बाई म्हणायच्या, "तोंड वाढवून सांगतं. हात तेवढंच दावतो."

ही खोली होती चेन्नईतल्या पेरुंगुडीत, आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत, दुसऱ्या मजल्यावर, कॅन्टीनच्या मागं. मंगळवार आणि शुक्रवारी त्या मैलापूरहून बसनं यायच्या. साठी ओलांडलेली, ठेंगणी बाई. कॉटनची कडक साडी, हातात छत्री, आणि अंबाड्यावर मल्लीचा, म्हणजे आपल्या मोगऱ्याचा गजरा. गजरा कधी चुकायचा नाही. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत फुलवालीनं हातावर मोजून दिलेला, तिकडे त्या मापाला मुळम म्हणतात. बाई जिन्यात असतानाच त्या वासावरून आम्हांला कळायचं की आज डॉक्टर आहेत.

मी साताऱ्याहून तिथं नोकरीला आले त्याला सहा-सात महिने झाले होते. २००५-०६ची गोष्ट. उजव्या बाजूचं डोकं असं काही ठणकायचं, की मी मनाशी ब्रेन ट्यूमर नक्की करून टाकला होता. आईला कळवायचं कसं, एवढाच प्रश्न राहिला होता. बाईंसमोर बसले आणि सवयीनं इंग्रजीत सुरुवात केली. त्यांनी पंजा वर केला. मी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला, आणि दुसऱ्या हातानं नकळत त्यांच्या टेबलावरचा दिवा पलीकडे वळवला.

"उजेड नको वाटतो. ओकारी येईलसं वाटतं. कुणी बोललं तर त्याला मारावं वाटतं," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. मग लक्षात आलं, की हे मराठी आहे.

त्या तंजावरकडच्या मराठी घरातल्या. पूर्वज केव्हातरी तिकडे गेले आणि भाषा बरोबर घेऊन गेले. ती भाषा तिथंच राहिली, वर तमिळ चाल चढली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, एखादी जुनी पोथी बसमधून उतरून माझ्याशी बोलतेय. त्यांना माझं मराठी घाईचं वाटायचं. "तुम्ही तिकडची पोरं शब्द गिळतां," असं त्या म्हणायच्या.

"ट्यूमर नव्हे. अर्धशिशी अहे. कसाला भितीस?" आणि त्यांनी मला अंधारात पडून राहायला पाठवलं. मी त्या अंधारात समाधानानं रडले. अर्धशिशीचा एवढा आनंद झालेली मी बहुधा पहिलीच असेन.

मग मला त्यांच्या खोलीत डोकावायचा नाद लागला. मराठी बोलायला मिळायचं हे कारण होतं, आणि त्यांचं निदान बघायला मिळायचं हे त्याहून मोठं. रिसेप्शनवरच्या सेल्वीचं डोकं दर शुक्रवारी दुपारी दुखायचं. ती शुक्रवारचा उपास करायची आणि तिला वाटायचं, आपल्याकडून काही चुकतंय म्हणून देवी कोपलीय. तिनं डोक्याभोवती मोघम हात फिरवला. बाईंनी एकच विचारलं, "सकाळची कॉफी?" उपासाला कॉफी ती पीत नव्हती. एरवी दिवसाला चार. "देवीला कॉफी चालते," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या शुक्रवारी सेल्वीचं डोकं दुखलं नाही.

एकदा एक उंच, खिदळणारा मुलगा आला. दोन भुवयांच्या मधोमध त्यानं चिमूट धरली होती. बाईंनी मला हातानं बाहेर काढलं आणि दार लावलं. बऱ्याच वेळानं तो बाहेर पडला तेव्हा डोळे लाल होते आणि हातात गोळीसुद्धा नव्हती. मी विचारलं, हे कुठलं? "ते दुखणं त्याचं अहे. तुज कसाला?" एवढंच उत्तर मिळालं.

पण त्यांचा एक नियम मला आधीपासून धडकी भरवायचा. "हळूहळू वाढलेलं दुखणं मी बसून ऐकते. एकदम आलेलं उभी राहून." टेस्टिंगमधला एक गृहस्थ दारात आला आणि म्हणाला, जन्मात असं दुखलं नाही, कुणीतरी आतून हातोडा मारावा तसं एका क्षणात आलं. तो खुर्चीपर्यंत पोहोचायच्या आत बाई उभ्या होत्या. हात लाव म्हटलं नाही. फोन फिरवला, गाडी मागवली, त्याला मान वाकवू दिली नाही. मेंदूतली शीर फुटली होती. तो वाचला, डोक्यावरचे केस उतरवून दोन महिन्यांनी परतही आला. बाई उभ्या राहिल्या तो क्षण मात्र माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

दुसरा नियम साधा वाटायचा. "पन्नाशीनंतर पहिल्यांदा आलेलं दुखणं अहे ना, त्याला आधी नाव-गाव विचारायचं. ओळखीचं समजून घरात घ्यायचं नाही."

आणि मग एका मंगळवारी जिन्यात वास आला नाही.

बाई आल्या होत्या. साडी कडक, छत्री हातात. अंबाडा गजऱ्याविना मोकळा. केस नेहमीसारखे चापूनचोपून न बसवता सैल गुंडाळलेले. शुक्रवारीही तसंच.

ज्यांना मैलापूर ठाऊक आहे त्यांना हे सांगायला नको. तिथली बाई एकाएकी फुलं माळायची थांबली, तर कुणी विचारत नाही. विचारायचं नसतंच. सेल्वीनं मला कॅन्टीनच्या कोपऱ्यात ओढलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, यजमान गेले असणार. बाईंच्या यजमानांना आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना मारायला फार वेळ लागला नाही. कुंकू होतं कपाळावर, ते मी बोलून दाखवलं. सेल्वी म्हणाली, आजकाल शिकलेल्या बायका ठेवतात. सगळा मजला बाईंशी हळू बोलू लागला. कुणीतरी त्यांच्या टेबलावर मुकाट्यानं केळी ठेवली. बाई बुचकळ्यात पडल्या, पण केळी खाल्ली.

मला चैन पडेना. दुःख झालेली बाई मी ओळखते. माझी आत्या आदल्या वर्षीच त्यातून गेली होती. या बाईंच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. थकवा होता, आणि काहीतरी सारखं सोसत असल्याचा आवळलेपणा. शेवटी मी कसंबसं विचारलं, "डॉक्टर, हल्ली फुलं नाही माळत?"

"त्या वासानं डोकं धरतं अत्ता. वय झालं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

म्हणजे यजमान गेलेले नव्हते. मी सेल्वीला सांगितलं. तिला पटलं नाही. ती म्हणाली, असंच सांगतात. मला मात्र दुसरीच गोष्ट खटकत राहिली. मल्लीच्या वासात ज्या बाईचा जन्म गेला, तिला त्याच वासानं आता डोकं धरावं?

त्यानंतरचा शुक्रवार. दुपारची वेळ, खोलीत आम्ही दोघीच. सेल्वीनं घरून आणलेला मुरुक्कू आम्ही खात होतो. आपल्या चकलीचाच तो भाऊ, दातांना जरा जास्त कामाला लावणारा. बाईंनी एक तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि मध्येच थांबल्या. थोड्या वेळानं पुन्हा चावू लागल्या. पुन्हा थांबल्या. धावून दमलेला माणूस कठड्याला टेकतो तसा त्यांचा जबडा विसावत होता.

"दात दुखतोय?"

"दात नव्हे. दमते." असं म्हणताना त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला आणि कानाच्या पुढं, कानशिलावर, केसांच्या जरासा अलीकडे थांबला. टेकला नाही. केसांना स्पर्श न करता हवेत राहिला.

मी हातातला मुरुक्कू खाली ठेवला. वैद्यकातलं मला काही कळत नाही. पण असा हात मी त्या खोलीत कधी पाहिला नव्हता. सगळे हात दाबतात, चोळतात, आवळतात. हा हात लावायला घाबरत होता.

मी म्हटलं, "डॉक्टर, बोलू नका. हात लावा."

त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी नक्कल करतेय. मी हसले नाही. मग त्यांनी बोटं कानशिलावर टेकवली आणि त्यांचे डोळे मिटले गेले.

"वासानं दुखतं की गजरा खोचल्यावर दुखतं?" मी विचारलं.

मी विचारत गेले, कारण थांबायची भीती वाटत होती. "केस विंचरताना? तुम्हीच सांगता ना, पन्नाशीनंतरचं नवं दुखणं..."

"थांब." पंजा वर झाला. पण माझ्याकडे न बघता त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या, आणि जणू दुसऱ्या कुणाची केस सांगावी तशा सावकाश बोलू लागल्या. "साठीवरची बाई. नवं दुखणं. कानशिलाला. फणी लावली तर केसांची मुळं दुखतात. आकडा खोचवत नाही. चावताना जबडा दमतो." त्या थांबल्या. "आणि आज सकाळी बसची पाटी वाचताना उजव्या डोळ्यावर पडदा आला. जरा वेळ. मग गेला. मी चष्मा पुसला."

आणि बाई उभ्या राहिल्या.

मला ते उभं राहणं माहीत होतं. त्यांचा आवाज मात्र शांत होता. कानशिलातली रक्ताची नळी सुजते, त्यांनी सांगितलं, आणि तीच सूज डोळ्याचं रक्त तोडते. तुटलं की तो डोळा परत येत नाही. पाठोपाठ दुसराही जातो. "म्हणजे दोन्ही?" मी विचारलं. "वेळ घालवला तर दोन्ही."

त्यांनी औषधांचं कपाट उघडलं. अंगावर गांधी उठणाऱ्यांसाठी ठेवलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांची पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. "नाव वाच. मोठ्यानं." मी वाचलं. त्यांनी भरपूर गोळ्या एकदम पाण्याबरोबर घेतल्या. "हे बघून कुणी करायचं नव्हे," असं मला दटावलं. मग त्यांनी एका डोळ्यांच्या डॉक्टरला फोन लावला, तो त्यांचाच जुना विद्यार्थी. तमिळमधून चार वाक्यं बोलल्या. पलीकडचा माणूस बहुधा पहिल्या वाक्यालाच उठून उभा राहिला असावा, कारण बाई त्याला म्हणाल्या, खाली बस, मी येते; एवढं तमिळ मला कळलं.

गाडीची वाट बघायला त्या तयार नव्हत्या. समोर आली ती रिक्षा आम्ही धरली. सेल्वीला मी पळता पळता ओरडून सांगितलं, त्यांच्या घरी फोन कर. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की घरी आता उचलणार कोण?

त्या वेळी कंपनीसमोरचा तो महाबलीपुरमचा जुना रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. सगळीकडे खोदून ठेवलेलं, धूळ, मध्येच एकाच बाजूनं वाहतूक सोडलेली. रिक्षा दर दोन मिनिटांनी थांबायची. बाईंनी पदरानं एक डोळा झाकला आणि दुकानांच्या पाट्या वाचायला सुरुवात केली. मग दुसरा झाकला. पाट्या तमिळ. त्या वाचत होत्या आणि मला तमिळ अक्षर एक येत नव्हतं. बाई खरंच वाचताहेत, की ज्या रस्त्यानं इतकी वर्षं आल्या त्यावरच्या पाट्या पाठ आहेत म्हणून म्हणताहेत, हे मला कळायला काहीच मार्ग नव्हता. इतक्या महिन्यांत ती लिपी का शिकले नाही, म्हणून मी स्वतःवर चिडले.

मग मला गाड्यांचे नंबर सुचले. "पाट्या नको. ती समोरची बस. तिचा नंबर सांगा."

डावा डोळा उघडा होता. त्यांनी बरोबर सांगितला. मग पदर डाव्या डोळ्यावर गेला.

"बस अहे हे कळतं," त्या म्हणाल्या. "खाली चाक दिसतं. वर कुणी राख फासलीय."

मी त्यांचा हात धरला. एवढ्या माणसांना पंजा वर करून थांबवलेला तो हात घामानं ओला झाला होता. "डॉक्टर, भीती वाटतेय?" मी विचारलं. मूर्खासारखा प्रश्न, पण मलाच वाटत होती.

"वाटते," त्या म्हणाल्या. "दारातून खुर्चीपर्यंत माणूस येतो ना, तेवढ्यात माझं अर्धं काम होतं. ते बघायला नाही मिळालं तर मी तिथं कसाला बसू?" मग रिक्षावाल्याला तमिळमध्ये काही म्हणाल्या. तो मागं वळून त्यांच्याकडे बघून घेऊन जो सुटला, तो फुटपाथवरूनच.

इस्पितळात त्यांच्या विद्यार्थ्यानं त्यांना दारातच ताब्यात घेतलं. मी बाकावर बसले. तेवढ्यात मोबाईल वाजला. सेल्वी होती. "एका पुरुषानं उचलला," ती म्हणाली. "म्हणतात, मी तिचा नवरा."

थोड्या वेळानं ते आले. शिडशिडीत, लुंगीसारखी गुंडाळलेली पांढरी वेष्टी, पायांत वेगवेगळ्या जोडांच्या चपला. हातात केळीच्या पानाची पुडी. मी मराठीत बोलले तसा त्यांना धीर आला. पुडी उघडून बघायची गरज नव्हती, वास आलाच होता.

"रोज मीच आणतो," ते म्हणाले. "सकाळी देवळाकडे फिरायला जातो, येताना घेतो. हल्ली ती घ्यायची आणि देवापुढं ठेवून द्यायची. मी समजलों राग अहे." मग त्यांनी चष्मा काढला. "मीच बोललों होतो. या वयात बसचे धक्के खात कसाला जातीस, अत्ता घरी बस. त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून फुलं बंद. मग मी विचारलंच नाही."

आम्ही सगळ्यांनी मिळून त्या मोकळ्या अंबाड्याचा काय काय अर्थ लावला होता. आम्ही ह्यांना मारून मोकळे झालो होतो, हे स्वतःला गुन्हेगार ठरवून बसले होते, आणि बाईंनी बिचाऱ्या मल्लीवर आळ घातला होता. विचारायचं मात्र सगळ्यांनी टाळलं, कारण तशी रीत आहे. मला त्या रीतीचा तेव्हा भयंकर राग आला, अजूनही येतो.

उजवा डोळा परत आला नाही. डावा राहिला. तो विद्यार्थी म्हणाला, आणखी एखाद-दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. बाईंनी त्यालाच समजावलं, एक राहिला ना, मग तोंड असं का?

त्या परत आल्या तेव्हा गोळ्यांनी चेहरा पुरीसारखा फुगला होता. सेल्वीनं त्यांचं तेज वाढल्याचं सांगितलं; बाई म्हणाल्या, तेज नव्हे, सूज. खोलीत येताच त्यांनी टेबल उलट्या भिंतीला हलवून घेतलं, म्हणजे दार डाव्या बाजूला येईल. अंबाड्यावर गजरा होता, जरा तिरका. यजमानांनी खोचलेला, हे कुणालाही कळलं असतं. आणि खुर्चीत बसल्या बसल्या दारातल्या पहिल्या माणसाला त्या म्हणाल्या, "बोलू नको. हात लाव."

पुढं तीनेक वर्षांनी मी चेन्नई सोडली. निरोप घ्यायला मैलापूरला त्यांच्या घरी गेले. मनाशी ठरवून गेले होते, की हसत बोलायचं आणि निघायचं. त्यांच्या डाव्या बाजूला बसले, पुण्याच्या नोकरीबद्दल काहीबाही सांगत राहिले. डोकं सकाळपासून जड होतं. बोलता बोलता त्या माझ्याकडे बघून थांबल्या.

"हात कुठं अहे बघ तुझा."

माझी चिमूट दोन भुवयांच्या मधोमध होती.

"अर्धशिशी?" मी विचारलं.

"नव्हे. रडू दाबलं की असंच धरतं. त्याला गोळी नाही." त्यांनी यजमानांना खूण केली, ते आत गेले, दार पुढं लोटलं. "रड अत्ता. मग कॉफी पी. मग जा."

मी रडले. मग कॉफी प्याले. मग निघाले.

त्या गेल्याचा फोन यजमानांनी केला. मी पुण्यात, ऑफिसात होते. सावकाश, जुन्या मराठीत त्यांनी सगळं सांगितलं, शेवटी म्हणाले, डावा डोळा शेवटपर्यंत चांगला होता. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि समोरचं काम पुढं सुरू केलं. शेजारच्या मुलीनं विचारलं, "काय गं, डोकं दुखतंय का?"

मी माझा हात कुठं आहे ते पाहिलं. मग उठून, दार लावता येईल अशी एक खोली शोधली.